पिट्युइटरीत गाठ निघाली: ऑपरेशन, गोळ्या, की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई ३८ वर्षांच्या, बार्शीजवळ राहतात. सहा महिने डोकं दुखतं म्हणून मेंदूचा एमआरआय केला आणि त्यात पिट्युइटरी ग्रंथीत १४ मिलिमीटरची गाठ आली. रक्तात प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) ६८, म्हणजे वाढलेलं, आणि टीएसएच (थायरॉईडची नेहमीची तपासणी) २.१, म्हणजे नॉर्मल. पाळी आठ महिने मागेपुढे होते आहे. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी एक कॅप्सूल चालू आहे. एका डॉक्टरांनी महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या असं सांगितलं, तर दुसऱ्यांनी गोळीने विरघळेल म्हणून कॅबरगोलिन लिहून दिली. ताईंच्या मुलीची दहावी मार्चमध्ये आहे, तोवर थांबलं तर चालेल का, आणि दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, असं त्यांच्या भावाने विचारलं आहे.

मी गेली बावीस वर्षं हॉर्मोनच्या आजारांचेच पेशंट बघतो, आणि अशा दोन टोकांच्या सल्ल्यांत अडकलेलं घर मला दर महिन्याला भेटतं. दोघांपैकी कोण बरोबर, हे आज तुमच्या हातात असलेल्या कागदांवरून ठरवता येणार नाही. मला येणार नाही आणि त्या दोघांनाही येणार नाही. अजून तीन-चार कागद कमी आहेत. ते मिळाले की बहुतेक वेळा निर्णय आपोआप समोर येतो, फारसा वादही उरत नाही. म्हणून कॅबरगोलिनची पट्टी आणली असेल तर ती तूर्त बाजूला ठेवा आणि ऑपरेशनची तारीखही घेऊ नका. अपवाद एकच, ताईंना दिसायला काही त्रास असेल तर. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी घरात जी भीती असेल तिच्याबद्दल. पिट्युइटरीची गाठ जवळजवळ नेहमी साधी असते. ती शरीरात दुसरीकडे पसरण्याचं प्रमाण इतकं कमी आहे की माझ्या संपूर्ण प्रॅक्टिसमध्ये असे पेशंट एका हाताच्या बोटांवर मोजावेत. रिपोर्टात 'ॲडिनोमा' लिहिलं असेल, किंवा नव्या पद्धतीने 'पिट्युइटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' असं भारदस्त नाव असेल. हे दुसरं नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणातलं आहे. नाव बदललं म्हणून आजार बदललेला नाही. मोबाइलवर 'न्यूरोएंडोक्राइन' शोधून रात्रभर जागलेले लोक माझ्याकडे येतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, वजनाला अर्धा ग्रॅमच्या आसपास. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्या खोबणीत ती बसलेली असते आणि वरून एका बारीक देठाने मेंदूला जोडलेली असते. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात, पण दवाखान्यात सगळे पिट्युइटरीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो. थायरॉईड, अॅड्रिनल (मूत्रपिंडावरची ग्रंथी), बीजकोश, वाढ, दूध अशा सगळ्या गोष्टींना हुकूम इथून सुटतात. खोबणीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. त्यामुळे गाठीचा त्रास दोनच तऱ्हेने होतो: हुकूम बिघडतात, किंवा गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाब येतो. सगळ्या तपासण्या या दोन गोष्टींसाठी असतात. दहा मिलिमीटरच्या आतली गाठ छोटी आणि त्याच्या वरची मोठी असा आमचा हिशेब आहे, म्हणजे ताईंची १४ ची गाठ मोठ्या गटात आहे, पण त्या गटाच्या सुरुवातीलाच.

पहिला कागद डोळ्यांचा. तुम्ही लिहिलंय की नजर चांगली आहे, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. त्यावर विसंबू नका. या गाठीने आधी नजर कमी होत नाही, नजरेच्या कडा जातात. दोन्ही बाजूंचा, कानाकडचा भाग हळूहळू दिसेनासा होतो आणि समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं. काही वर्षांपूर्वी एक रिक्षाचालक आले होते. डोकेदुखी नाही, चष्मा नाही, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. बायको म्हणाली, "एका महिन्यात तीनदा आरसा घासला यांनी, आणि दारातून जाताना चौकटीला खांदा लागतो." त्यांच्या मते रस्ते अरुंद झाले होते. दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, तर दोन्ही डोळ्यांचा बाहेरचा अर्धा भाग कागदावर काळा आला.

या तपासणीला पेरिमेट्री म्हणतात. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच-दहा मिनिटं लागतात. सुई नाही, दुखत नाही, आणि एमआरआयच्या मानाने खर्च अगदी कमी. पहिल्यांदा करताना लोक गोंधळतात, नजर ठिपक्याकडे वळवतात, मग निकाल वाकडा येतो. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. सोलापूरला काचबिंदू बघणाऱ्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हे यंत्र असतं. जमलं तर त्याच वेळी डोळ्याच्या नसेच्या थराचं ओसीटी, म्हणजे एक स्कॅन, करून घ्या. दाब किती जुना आहे आणि तो काढल्यावर नजर किती परत येईल, याचा अंदाज त्यावरून येतो.

आता प्रोलॅक्टिन ६८. सगळा घोळ या आकड्याभोवती आहे.

आधी ताईंच्या सकाळच्या कॅप्सूलची पट्टी उलटी करून बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही फक्त 'ॲसिडिटीची कॅप्सूल' असं लिहिलंय. आपल्याकडे अशा कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर बऱ्याचदा डॉम्पेरिडोन असतं, नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असं काहीतरी लागलेलं असतं. कधी लिवोसल्पिराइड असतं. ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात, आणि थोडंथोडकं नाही, शंभरच्या वरही नेतात. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि मनाच्या आजारांची काही औषधं, जसं रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड, हीसुद्धा तेच करतात. नुसत्या गोळीने वाढलेल्या प्रोलॅक्टिनसाठी मेंदूचा एमआरआय झालेले पेशंट मी इतके पाहिलेत की आता नाव-गाव विचारण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन असेल तर डॉक्टरांना विचारून ती साध्या पँटोप्राझोलवर बदला, आठवडा जाऊ द्या, आणि प्रोलॅक्टिन पुन्हा करा. मानसोपचाराचं औषध चालू असेल तर मात्र ते स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. ते काम त्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं.

पुन्हा करताना सकाळी उठून दोन तासांनी, वीस मिनिटं शांत बसून रक्त द्यायचं. सुईच्या भीतीनेही आकडा थोडा वर जातो. त्याच सॅम्पलवर 'मॅक्रोप्रोलॅक्टिन' बघायला सांगा. काही लोकांच्या रक्तात प्रोलॅक्टिनची मोठी, निकामी जुडी फिरत असते. यंत्र ती मोजतं, शरीराला तिचा काही उपयोग किंवा त्रास नसतो. आणि पाळी चुकलेल्या ३८ वर्षांच्या बाईची गर्भाची तपासणी सगळ्यात आधी, कितीही अवघड वाटलं तरी. गरोदरपणात प्रोलॅक्टिन शेकड्यांत जातं आणि ते अगदी नैसर्गिक असतं.

छातीतून दूध किंवा पाण्यासारखं काही येतं का, हे ताईंना विचारायला हवं. ते तुम्ही विचारू नका, वहिनींना किंवा आईंना विचारायला सांगा. भावासमोर बाई 'नाही' म्हणते आणि फाइलीत कायमचं 'नाही' लिहिलं जातं.

समजा औषध बदलूनही आकडा साठ-सत्तरच राहिला. मग दोन शक्यता उरतात, आणि तुमच्या दोन डॉक्टरांचं मत नेमकं इथे फाटतं. पहिली अशी की गाठच प्रोलॅक्टिन बनवते आहे. तिला प्रोलॅक्टिनोमा म्हणतात, आणि पिट्युइटरीच्या गाठींत ही सगळ्यात जास्त आढळते. दुसरी शक्यता अशी की गाठ कोणतंच हॉर्मोन बनवत नाही, पण तिने देठ दाबला आहे. प्रोलॅक्टिनवर मेंदूचा सतत ब्रेक असतो. तो ब्रेक म्हणजे डोपामिन, आणि ते या देठातूनच खाली येतं. देठ चेपला की ब्रेक सुटतो आणि निरोगी पेशीच जास्त प्रोलॅक्टिन सोडायला लागतात.

ओळखायचं कसं? गाठीच्या आकाराशी आकडा ताडून बघायचा. खरा प्रोलॅक्टिनोमा जेवढा मोठा तेवढा आकडा वर. सेंटिमीटरच्या पुढच्या गाठीत तो सहसा दोनशेच्या वर असतो, पुढे हजारांतही जातो. देठ दाबल्यामुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन बहुतेक वेळा शंभरच्या आत थांबतं. १४ मिलिमीटरची गाठ आणि ६८ हा आकडा, म्हणजे माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो, पण मधल्या पट्ट्यातले काही पेशंट दोन्हीकडे मोडू शकतात, म्हणून यावर आज शिक्का मारणार नाही.

इथे कॅबरगोलिन घाईने सुरू करण्यात एक फसगत आहे. गाठ कुठलीही असो, ही गोळी रक्तातलं प्रोलॅक्टिन खाली आणतेच. महिन्याभरात आकडा ५ वर येतो, पाळी नियमित होते, घरात पेढे वाटले जातात. गाठ जर प्रोलॅक्टिन बनवणारी नसेल तर ती मात्र जागेवर असते, कदाचित वाढतही असते, आणि आकडा छान आहे म्हणून वर्षभर कुणी एमआरआय करत नाही. गोळी आधीच सुरू झाली असेल तर घाबरू नका, फक्त तीन महिन्यांनी एमआरआय पुन्हा करा. गाठ स्पष्ट लहान झाली तर ती प्रोलॅक्टिनोमा होती असं मानायला हरकत नाही. आकडा पडला आणि गाठ तेवढीच राहिली, तर पुन्हा विचार करायचा.

याच्या उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. एक तरुण माझ्याकडे ऑपरेशननंतर आला. चार सेंटिमीटरच्या वरची गाठ, आधीच्या कागदावर प्रोलॅक्टिन १२०, म्हणून 'हॉर्मोन न बनवणारी' समजून नाकातून काढली होती. बरीच गाठ मागे राहिली होती. आम्ही उरलेल्या गाठीसाठी रक्त शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगितलं, तर आकडा हजारांत आला. प्रोलॅक्टिन अति झालं की तपासणीतली रसायनं गुदमरतात आणि यंत्र खोटा, कमी आकडा दाखवतं. लॅबवाले याला हुक इफेक्ट म्हणतात. त्या मुलाला आठवड्याला दोन गोळ्यांवर ऑपरेशन टळू शकलं असतं. ताईंच्या १४ च्या गाठीत हा प्रकार व्हायची शक्यता फार कमी आहे, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तीन सेंटिमीटरच्या पुढची गाठ असेल तर लॅबला 'पातळ करून मोजा' असं लेखी सांगा.

आता बाकीचे हॉर्मोन. टीएसएच २.१ आलं म्हणून थायरॉईड ठीक, असं गृहीत धरलं गेलंय. टीएसएच हा पिट्युइटरीचाच हुकूम आहे. हुकूम देणारीच आजारी असेल तर तिच्या हुकुमाचा आकडा नॉर्मल दिसूनही थायरॉईड कमी असू शकतं. फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, बघितल्याशिवाय काही कळत नाही. त्याच्याबरोबर सकाळी आठचं कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं हॉर्मोन), पाळीशी संबंधित एलएच, एफएसएच आणि इस्ट्राडिओल, आणि आयजीएफ-१ व सोडियम करून घ्या.

यातलं कॉर्टिसॉल हे जिवाशी संबंधित आहे. सकाळचा आकडा ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर शरीरात ते बनत नाही असं धरायचं, १५ च्या वर असेल तर बहुधा चिंता नाही, आणि मधे आला तर इंजेक्शन देऊन पुन्हा मोजायचं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वाढलेला येतो, तेही सांगायला हवं. एक नियम कागदावर लिहून फाइलीच्या पहिल्या पानावर लावा: थायरॉईड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी निघालं तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं औषध) सुरू होतं, थायरॉईडची गोळी त्यानंतर. उलट केलं तर थायरॉईडची गोळी उरलंसुरलं कॉर्टिसॉल वेगाने संपवते आणि पेशंट उलट्या, कमी रक्तदाब घेऊन थेट आयसीयूत पोचतो. मी हे घडताना पाहिलंय, आणि ते सहज टळण्यासारखं होतं.

आयजीएफ-१ कशासाठी, तर गाठ वाढीचं हॉर्मोन बनवते का ते बघायला. हा आजार इतका सावकाश येतो की रोज बघणाऱ्याला चेहरा बदललेला कळतच नाही. ताईंचे लग्नातले फोटो आणि आत्ताचे शेजारी ठेवा. बांगड्या चढेनाशा झाल्या का, जोडवी किंवा अंगठी कापून काढावी लागली का, चपलेचा नंबर वाढला का, घोरणं सुरू झालं का? वजन न वाढता अंगठी अडकणं ही खूण मी डॉक्टरांच्या रिपोर्टापेक्षा सोनाराकडून जास्त वेळा ऐकली आहे. आयजीएफ-१ जास्त आलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन पुढची तपासणी होते.

कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या, म्हणजे कुशिंगच्या खुणाही बघायला हव्यात: पोटावर जांभळे रुंद पट्टे, सहज निळं पडणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, नव्याने आलेला बीपी-शुगर. तपासणीसाठी रात्री अकराला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घेऊन सकाळी आठला कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी माणसात ते १.८ च्या खाली जातं. मात्र त्याआधी गुडघेदुखीच्या पुड्या, दम्याची 'आयुर्वेदिक' म्हणून मिळालेली पावडर, चेहऱ्याला लावायचं गोरं होण्याचं क्रीम, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, हे सगळं विचारायचं. त्यातलं लपलेलं स्टिरॉइड हे कुशिंगसारखा चेहरा दिसण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण आहे, पिट्युइटरीची गाठ नाही.

सॅम्पलबद्दल दोन गोष्टी, कारण चुकीच्या सॅम्पलने चुकीची ऑपरेशनं होतात. केसगळतीसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तीन दिवस आधी बंद करा. त्या लॅबच्या रसायनांत लुडबुड करतात, काही आकडे खोटे वर आणि काही खोटे खाली जातात. आणि एसीटीएच (अॅड्रिनलला हुकूम देणारं पिट्युइटरीचं हॉर्मोन) नावाची तपासणी सांगितली असेल तर ती घरी रक्त न्यायला येणाऱ्या मुलाकडे देऊ नका. ते हॉर्मोन खोलीच्या तापमानाला नळीतच विरत जातं. उन्हातून स्कूटरवर तासभर फिरून आलेल्या नळीतलं एसीटीएच मला काहीही सांगत नाही. लॅबमध्ये जाऊन, बर्फात ठेवलेल्या नळीत, समोर लगेच पाठवतात ना हे बघून द्या.

एमआरआयही बहुधा पुन्हा करावा लागेल. डोकेदुखीसाठी केलेला एमआरआय संपूर्ण मेंदूचा असतो, त्याचे काप जाड असतात. पिट्युइटरीसाठी दोन-तीन मिलिमीटरचे बारीक काप, कॉन्ट्रास्ट देताना लगेचच काढलेल्या फोटोंसह हवेत. चिठ्ठीवर 'पिट्युइटरी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' असं लिहून घ्या आणि आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा. फिल्मबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, कारण सर्जन फिल्म उजेडात धरून नाही, संगणकावर काप सरकवून निर्णय घेतात. रिपोर्ट वाचताना दोन ओळी शोधा: डोळ्यांच्या नसांना गाठ टेकली आहे का, किती अंतर आहे, आणि बाजूच्या रक्तवाहिनीला तिने वेढा घातलाय का. नुसत्या '१४' या आकड्यापेक्षा या दोन ओळी जास्त बोलतात.

हे सगळं झाल्यावर रस्ते असे फुटतात.

खरा प्रोलॅक्टिनोमा निघाला तर पहिला उपचार सहसा गोळीच, गाठ मोठी असली तरी. कॅबरगोलिन रोजची गोळी नाही, आठवड्यातून दोनदा घ्यायची असते. पाव मिलिग्रॅमपासून सुरुवात, रात्री जेवणानंतर, आणि घेतल्यावर झोपायचं. सकाळी उपाशीपोटी घेऊन मळमळून चक्कर आली की लोक 'सोसत नाही' म्हणून सोडून देतात. निदान दोन वर्षं धरून चालायचं. दोन गोष्टी घरच्यांनी माहीत करून घ्याव्यात. एक, पाळी परत येण्याआधीच दिवस जाऊ शकतात, त्यामुळे मूल नको असेल तर पहिल्या गोळीपासून काळजी घ्यायची. दोन, काही लोकांचा स्वभाव या गोळीने बदलतो: अनावर खरेदी, मोबाइलवर पैसे लावून पत्ते, एकदम भडकणं. पेशंटला स्वतःला ते जाणवत नाही, नवऱ्याला किंवा बहिणीला जाणवतं. तसं दिसलं तर लाजून गप्प बसू नका, डोस बदलता येतो. आणि नाकातून स्वच्छ पाणी टपकायला लागलं तर सर्दी समजू नका, गाठ आकसून खालची वाट उघडी पडल्याची ती खूण असू शकते.

गाठ कोणतंच हॉर्मोन बनवत नसेल, नसांना टेकलेली नसेल आणि पेरिमेट्री स्वच्छ असेल, तर थांबणं हा पूर्ण सन्मानाने घेतलेला निर्णय आहे. सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षाला एक. अशा अनेक गाठी वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. नसांवर दाब असेल आणि नजरेच्या कडा गेल्या असतील तर ऑपरेशन, आणि ते लवकर. वाढीच्या हॉर्मोनची किंवा कुशिंगची गाठ असेल तर बहुतेकांना पहिला उपचार ऑपरेशनच. गॅमा नाइफसारखे किरणोपचार मागे राहिलेल्या किंवा परत आलेल्या गाठीसाठी ठेवतात. त्यांचा परिणाम दिसायला वर्षं लागतात आणि ग्रंथीचं काम हळूहळू मंदावतं, म्हणून सुरुवातीला सहसा नाही.

ऑपरेशन ठरलंच तर ते कवटी उघडून नसतं, नाकातून दुर्बिणीने असतं. ही वाट नवी नाही. १९०७ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हर्मन श्लोफर यांनी नाकाच्या मार्गाने पहिली पिट्युइटरीची गाठ काढली होती. आता साधनं बदलली आहेत. फरक पडतो तो सर्जनच्या हाताला किती सवय आहे याने. म्हणून सरळ विचारा: "वर्षाला पिट्युइटरीची किती ऑपरेशनं करता? बरोबर कान-नाक-घशाचे सर्जन असतात का? नंतर हॉर्मोन कोण बघणार?" चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत, मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणी, एंडोक्रायनॉलॉजी (हॉर्मोनचा विभाग) आणि न्यूरोसर्जरी एकाच आवारात असल्याने ही कामं नेहमीची असतात. बार्शीहून मुंबई लांब आहे हे मला कळतं, पण एकदाच जायचं असेल तर तिथे जा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) भरती होण्याआधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. भरती झाल्यावर धावपळ होते.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे सांभाळायचे. पहिल्या काही दिवसांत लघवी आणि तहान अचानक फार वाढू शकते, म्हणून वहीत किती पाणी आणि किती लघवी ते मोजून लिहा. तहान लागेल तेवढंच पाणी प्यायचं. "ऑपरेशन झालंय, भरपूर पाणी पी" हा प्रेमाचा आग्रह इथे घातक ठरतो, कारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सोडियम उतरू शकतं. पेशंट सुस्त होतो, मळमळतं, असंबद्ध बोलतो, आणि घरचे थकव्यावर घालवतात. सातव्या दिवशी सोडियम करा, तब्येत चांगली वाटत असली तरी. शिंकरायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर तापात डोस दुप्पट, आणि उलटीने गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी जवळच्या दवाखान्यात. पर्समध्ये तशी चिठ्ठी कायम असू द्या.

डोकेदुखीबद्दल मात्र खरं सांगायला हवं. ती या गाठीमुळेच आहे असं नाही. १४ मिलिमीटरच्या गाठीबरोबर साधी अर्धशिशी असलेल्या कितीतरी बायका मी बघतो, आणि गाठ काढूनही अर्धशिशी राहते. फक्त डोकं थांबावं म्हणून ऑपरेशन करू नका.

पण आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी आली, उलट्या झाल्या, एक पापणी पडली, दोन-दोन दिसायला लागलं किंवा नजर अंधारली, तर ते गाठीत रक्तस्राव झाल्याचं लक्षण असू शकतं. त्या रात्री कुणाच्या फोनची वाट बघू नका. न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि दारातच सांगा, "पिट्युइटरीची गाठ आहे, स्टिरॉइडचं इंजेक्शन आधी द्या."

आता दहावीच्या परीक्षेचं. पेरिमेट्री स्वच्छ आली, गाठ नसांपासून दूर असली आणि कॉर्टिसॉल पुरेसं असलं तर मार्चपर्यंत थांबून ताईंचं काही नुकसान होणार नाही. त्या काळात कॅप्सूल बदलून प्रोलॅक्टिन पुन्हा होईल, बाकीचे रिपोर्ट येतील, आणि मुलीचा पेपर संपला की निवांत मुंबईला जाता येईल. पेरिमेट्रीत कडा गेलेल्या दिसल्या तर मात्र परीक्षेसाठी थांबू नका. मावशी किंवा आजी चार आठवडे घरी येऊन राहू शकते, पण दाबलेल्या नसा फार दिवस वाट बघत नाहीत. म्हणून सोमवारी सगळ्यात आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रक्त मंगळवारी सकाळी आठला दिलं तरी चालेल.